पाच वर्षांनी शेळीचं काय करणार?

बुधवारी सकाळी पावणेनऊला टूलरूमच्या दारात अकरा माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात एकेक कागद. मला वाटलं, लग्नाची पत्रिका. मी हात पुढे केला. म्हणालो, "कोण चढतोय बोहल्यावर?"

कोणी हसलं नाही. माझ्या विनोदाला कोणी हसलं नाही की मला वाटतं, ऐकू आलं नसेल. म्हणून मी तोच विनोद परत मोठ्यानं केला.

बालाजी पुढे आला. आमचा सगळ्यात जुना डाय सेटर, मूळचा लातूरकडचा. त्यानं कागद माझ्या टेबलावर ठेवला. "राजीनामा हाय, अण्णा. अकरा जणांचे अकरा."

"आरं पण कशापायी?"

"तुमीच काल सांगितलाव की, पाच वर्षांनी शेळी बाजारात न्यायची म्हणून. मग आमी आजच जाताव."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेळी माझीच होती. आदल्या दिवशी भर कॅन्टीनमध्ये मीच ती बांधली होती.

आता मी कोण ते सांगतो. नाव दत्तोबा, कंपनीत सगळे अण्णा म्हणतात. सातवी नापास, तीसुद्धा दोनदा. पहिल्यांदा अभ्यास केला नाही म्हणून, दुसऱ्यांदा केला म्हणून. गाव निघोजे. आमची जमीन कंपन्यांत गेली तेव्हा बाप म्हणाला, जमीन जिकडं गेली तिकडंच तू बी जा. गेलो. एकोणतीस वर्षं झाली. झाडू मारायला लागलो होतो, आज टूलरूमचा इनचार्ज आहे. इनचार्ज म्हणजे काय, तर चहा सांगितला की कधीतरी येतो.

आमची कंपनी चाकणला आहे. कारच्या सीटखाली जे लोखंडी ब्रॅकेट असतात ते आम्ही बनवतो. पत्रा घ्यायचा, प्रेसखाली ठेवायचा, दाबायचा. दाबून आकार यायला डाय लागते. डाय म्हणजे साचा. करंजीचा साचा असतो ना, दोन पाखं आणि मध्ये पारी, तसाच. फक्त आमची पारी पत्र्याची आणि साचा दीड टनाचा. हा साचा क्रेननं उचलून प्रेसवर चढवायचा, केसाचाही फरक राहू न देता बसवायचा, हे सेटरचं काम. फरक राहिला तर पूर्ण लॉट भंगारात. हे काम शिकायला सात-आठ वर्षं लागतात. मी शिकवलं तर दहा.

अशी माणसं आमच्याकडे अकरा. अकराच्या अकरा माझ्या दारात.

हे सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या आठवड्यात. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक एका हातप्रेसवर सुरुवात केलेले. अजूनही बोलता बोलता हातानं हँडल ओढल्यासारखं करतात. समोर एक मॅडम बसलेल्या, तिशीच्या आसपास, पुढ्यात लॅपटॉप. मालक म्हणाले, "दत्तू, ह्या ऋतुजा मॅडम. मुंबईहून आल्यात. इन्व्हेस्टमेंट बँकेत असतात."

बँक म्हटल्यावर मी लगेच म्हणालो, "मॅडम, बरं झालं आलात. माझ्या पासबुकात मार्चपासून एंट्रीच पडंना."

मालकांनी डोळे मिटून घेतले.

मॅडम म्हणाल्या, "काका, आमच्या बँकेत पासबुक नसतं. काउंटर नसतो. खरं सांगायचं तर पैसेही नसतात."

"मग बँक कशाला म्हणायचं?"

"माझी आई पण हेच विचारते. आकुर्डीला राहते ती. मी तिथलीच. लोकांना ती सांगते, पोरगी बँकेत आहे. लोक म्हणतात, मग लोन करून द्या."

मग त्यांनी मला समजावलं. एका बाजूला पैसा लावायचा असलेली माणसं. दुसऱ्या बाजूला पैसा हवा असलेली कंपनी. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, विश्वास तर नाहीच. मॅडमचं काम म्हणजे कंपनीची किंमत काढायची, कागद तयार करायचे, गिऱ्हाईक शोधायचं, दोघांची बोलणी करून द्यायची. सौदा झाला तर कमिशन.

मी टेबलावर थाप मारली. "म्हंजे बाजारातला दलाल!"

"दत्तू!" मालक ओरडले.

"असू दे सर," मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहे ते."

चाकणचा शनिवारचा गुरांचा बाजार मी लहानपणापासून बघतोय. तिथं दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसतो. हे मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे त्या रुमालाला एनडीए म्हणतात. बोलणी बाहेर फोडणार नाही, असा सह्या केलेला कागद."

"आणि गिऱ्हाईक कोण हाय?"

"एक फंड आहे, सिंगापूरचा. पण पैसा त्यांचाही नाही. एका थंड देशातल्या शाळामास्तरांची पेन्शन आहे ती. मास्तरांच्या पगारातून दर महिन्याला कापलेली."

मी खुर्चीत सावरून बसलो. ज्यांच्या छडीला घाबरून मी शाळेच्या भिंतीवरून उडी मारली, त्यांच्या भाईबंदांची म्हातारपणाची सोय आता माझ्या डायवर उभी राहणार होती. त्या मास्तरांना माझी मार्कलिस्ट कोणी दाखवू नये म्हणजे झालं.

"मॅडम, पण येवढ्या लांब कशाला येत्यात ते?"

"तिकडे वाढ कमी आहे. इकडे गाड्या खपतायत. ज्या दिवशी तिकडे व्याज वाढेल, त्या दिवशी पैसा तिकडे वळेल."

"गुरं हिरवळीकडं वळत्यात तसं."

"तसंच. आणि अजून एक आहे. ते डॉलर घेऊन येतात, इथे रुपयात लावतात, जाताना परत डॉलर नेतात. मधल्या काळात रुपया घसरला तर कमावलेलं वाटेतच गळून जातं. म्हणून त्यांना साधी वाढ पुरत नाही, जास्तच लागते. आणि कायमचं थांबता येत नाही. मास्तर रिटायर होत असतात."

मालकांनी मला बोलावलं होतं ते ह्यासाठी. कंपनीला एका नव्या गाडीच्या सीटची ऑर्डर मिळत होती. त्याला मोठी प्रेस लागणार, निघोज्यात नवीन शेड लागणार. फंडाची माणसं पुढच्या शुक्रवारी बघायला यायची होती. शॉपमध्ये कुजबुज होतीच. कोणी म्हणे कंपनी विकली, कोणी म्हणे जपानी येणार. एचआरच्या साहेबांचं एकदा पडद्यावर समजावून झालं होतं. तिसऱ्या स्लाइडला लोक जेवायला लागले. म्हणून मालक म्हणाले, "तुझं ऐकतात. भाव सोडून बाकी सगळं सांग. तुझ्या भाषेत सांग."

तिथंच चुकलं. माझ्या भाषेत सांग म्हणाले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनच्या बाकावर उभा राहिलो. म्हणालो, "आपली कंपनी म्हंजे एक शेळी हाय असं समजा."

लगेच हशा. मला चढलं.

"मालकांनी ती बारकी असल्यापासून वाढवली. आता तिला चारा जास्त लागतोय, गोठा मोठा लागतोय. मालकापुढं दोन वाटा. एक, बँकेचं कर्ज काढायचं. पण कर्जाचं कसं हाय, शेळी मेली तरी हप्ता जित्ता ऱ्हातो. दुसरी वाट, अर्धलीची."

आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात. म्हणजे शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि जे काय उत्पन्न येईल ते वाटून. पिल्लं झाली तर दोघांची. शेळी मेली तर नुकसानही दोघांचं. मी सांगितलं, "आता सिंगापूरवाला म्हणतोय, चारा माझा, गोठा मी बांधतो, सांभाळा तुम्हीच. फक्त शेळीत तिसरा हिस्सा माझा. त्याला हप्ता द्यायचा न्हाई, व्याज द्यायचं न्हाई. शेळी वाढली तर त्याचं वाढलं, बुडली तर त्याचं बी बुडलं. ह्याला म्हणत्यात इक्विटी!"

टाळ्या पडल्या. एचआरचे साहेब वहीत लिहून घ्यायला लागले. मी शेळीसारखं ओरडून दाखवलं. पॅकिंगच्या सुमनताई, ठेकेदाराकडून कामाला येतात, त्या सगळ्यात मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, लेंड्या कोण काढणार?"

सगळं कॅन्टीन लोळलं. मीही लोळलो.

मग मी शेवटाकडे आलो. मॅडमनी बजावलं होतं, एक्झिटचं सांगायला विसरू नका. म्हणजे फंड पाच वर्षांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडतो. मी म्हणालो, "आणि पाच वर्षांनी शेळी अशी टणटणीत झाली, की न्यायची बाजारात. झालं!" आणि बाकावरून वाकून नमस्कार केला.

टाळ्या थोड्या कमी आल्या. मला वाटलं, भाताचे हात असतील.

आता बुधवारी टूलरूमच्या दारात बालाजी मला विचारत होता, "अण्णा, बाजारात टणटणीत शेळी कोण घेतो?"

मी म्हणालो, "पाळणारा बी घेतो की."

"पाळणाऱ्याला पैसा कुठला? टणटणीत शेळीला सगळ्यात जास्त भाव कोण देतो, ते सांगा."

लहान पोराला पण माहीत आहे कोण देतो. खाटीक देतो.

बालाजीचं सगळं ठरलेलं होतं. तळेगावची एक कंपनी शनिवारपासून घ्यायला तयार होती. मी विचारलं, "कायम करणार हाईत का?"

"न्हाई. ठेकेदाराकडनं."

"आणि हितली चौदा वर्षं?"

"गेली." हातातला एखादा स्क्रू खाली पडावा तसं म्हणाला. "एक्केचाळीस चालू हाय मला. आज कुणीतरी दारात उभं करायलंय. पाच वर्षांनी कोण करील? बाकीच्यांचं बी तेच."

मी बालाजीला त्याच्या पहिल्या दिवसापासून ओळखतो. त्याला डाय चढवायला मी शिकवलं. चौदा वर्षं तो कधी घाईनं हललेला बघितला नाही. तो माणूस माझ्या एका शेळीपायी चौदा वर्षं टाकून ठेकेदाराच्या रांगेत उभा राहायला निघाला होता. आणि गुरुवारी आमच्याकडे सुट्टी. शुक्रवारी पाहुणे. म्हणजे जे काय करायचं ते आजच.

म्हणालो, "दुपारपर्यंत कागद माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या. पन शनिवारी आमी न्हाई."

मी अकरा राजीनामे ड्रॉवरमध्ये डब्याखाली ठेवले. त्यातल्या दोनांवर ठेच्याचं तेल लागलं. कामाचा कागद माझ्या हातात सुरक्षित राहत नाही, हे कंपनीला आधीपासून माहीत आहे.

मालकांना जाऊन सगळं सांगितलं. मॅडमही तिथंच होत्या, शुक्रवारची तयारी करत. मालक उभे राहिले. "तुला शेळी कोणी सांगितली होती? आंब्याचं झाड सांगायचंस! झाडाला कोणी कापत नाही!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक, आमच्या बापाचं आंब्याचं झाड तुमच्याच नव्या शेडच्या जागेसाठी कापलंय."

मालक खाली बसले. मीही घाबरून बसलो, सांगितलं नसताना.

मग मी म्हणालो, "मॅडम, एक विचारू का? अर्धलीत आमच्याकडं एक रीत हाय. शेळी इकायची झाली तर आधी पाळणाऱ्याला इचारायचं. तो न्हाई म्हणला तरच बाहेरच्याला. तुमच्यात असलं काय हाय का?"

मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, जसं काही मला ते इंग्रजी वाचता येणार होतं. "आहे की. राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल. फंडाला हिस्सा विकायचा झाला तर आधी तुमच्या मालकांना विचारावं लागेल."

"म्हंजे आधी न्हाई म्हणायचा हक्क."

"अगदी तेच."

मला तर आकाश ठेंगणं झालं. सिंगापूरच्या वकिलांनी पानंच्या पानं इंग्रजीत लिहून जे केलं, ते निघोज्यात आमची आजी चार शेरड्यांवर करत होती. मी केबिनमधून पळालो. मी पळतो म्हणजे इतरांना वाटतं, लंगडतोय. प्रेसलाइनवर पोहोचलो तेव्हा धापेमुळे बोलता येईना. शेवटी सांगितलं. बालाजीनं शांतपणे ऐकलं.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "पन पाळणारा म्हणून नाव कुणाचं लिव्हलंय?"

"मालकांचं."

"मग आमी कोण, अण्णा?"

कालपासून मी धरून चाललो होतो, पाळणारे म्हणजे आपण. रोज चारा आपण घालतो, धार आपण काढतो. पण कागदात पाळणारा म्हणजे मालक. आम्ही पाळणारे नाही, शेळी पण नाही. पूर्ण गोष्टीत आम्ही कुठं होतो, तेच मला सापडेना. आणि गोष्ट तर मीच रचलेली.

"त्या मॅडमला हितं बोलवा," बालाजी म्हणाला. "मालकांना बी. कॅन्टीनमंदी न्हाई, हितं."

दोनला चार नंबरच्या प्रेसवरची डाय बदलायची होती. राजीनामे ड्रॉवरमध्ये, पण दोन वाजले म्हणून बालाजी आणि त्याचे दोघं कामाला लागले. मॅडम आणि मालक आले तेव्हा जुनी डाय क्रेनला लटकत होती. मॅडमना हेल्मेट मोठं होत होतं. एका हातानं ते धरून त्या बघत राहिल्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बालाजी नुसतं बोट वर करायचा, क्रेन थांबायची. नवी डाय बसली, बोल्ट आवळले, पहिला ब्रॅकेट दाबला, मी गेज लावून माप बघितलं. बरोबर.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "अठरा मिनिटं. बाकीच्या कंपन्यांत किती लागतात?"

"शेजारी तासाच्या वर लागत्यात," मी म्हणालो.

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठंच न्हाई."

मॅडम मालकांकडे वळल्या. "सर, मी तुमच्या मशीनची अख्खी यादी केली. फंडवाले विचारत होते, असल्या प्रेस तर कोणीही विकत घेईल, मग हीच कंपनी का? माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. उत्तर हे आहे. आणि हे माझ्या एकाही कागदात नाही."

बालाजीनं हात पुसले. "मॅडम, आमाला एकच सांगा. पाच वर्षांनी हितं कोण येईल?"

मला वाटलं, आता त्या काहीतरी गोड बोलतील. दलाल बोलतो तसं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, दादा. कोणालाच माहीत नाही. फंड त्यांचा हिस्सा विकेल, आधी मालकांना विचारेल. मालकांना तेव्हा घेता आला नाही तर दुसरा घेईल. मोठं गिऱ्हाईक आलं तर ते अख्खी कंपनी मागतं. येणारा चांगला निघेल की वाईट, हे मी आज सांगितलं तर ते खोटं असेल."

बालाजीनं मान हलवली. खरं ऐकल्यावर तो जरा सैल झाल्यासारखा वाटला. मालकांना म्हणाला, "मालक, भाव तुमचा तुमाला लखलाभ. त्यात आमाला काय नको. आमचं म्हणनं येवढंच, येणारा कुणी का असंना, आमची वर्षं त्यानं मोजली पायजेत. माजी चौदा ती चौदाच. नवा आला म्हणून एकपासून सुरू न्हाई."

मालकांनी मॅडमकडे बघितलं. "असं घालता येतं?"

"मी तुमची दलाल आहे, सर. तुम्ही सांगाल तर अट घालते. पण फंडवाले भाव उतरवतील."

"किती?"

मॅडम एकदम थांबल्या. आजूबाजूला अकरा सेटर, मी, क्रेनवाला. त्यांनी मालकांना केबिनकडे चला अशी खूण केली.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. तेलकट होता पण रुमालाचं काम भागलं असतं. "मॅडम, हितंच घ्या. ह्याच्याखाली बोटं दाबा."

बालाजीनं टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि घडी करून माझ्याच खांद्यावर ठेवला. "रुमाल नको, अण्णा. लय झाला रुमाल."

मालकांनी श्वास सोडला. म्हणाले, "दाखवा."

मॅडमनी हात वर केला आणि सगळ्यांसमोर दोन बोटं दाखवली. दोन लाख की दोन कोटी की आणखी काय, मला आजतागायत माहीत नाही. पण मालकांचा चेहरा मी बघितला. ती दोन बोटं त्यांना लागली. त्यांचा हात उगाच हवेत हँडल ओढायला लागला. चार नंबरकडे त्यांनी बघितलं, बालाजीकडे बघितलं.

"घाला अट," ते म्हणाले आणि वळून चालायला लागले. चार पावलांवरून ओरडले, "दत्तू, आणि तू शुक्रवारी तोंड उघडू नकोस."

शुक्रवारी सकाळी अकराच्या अकरा आले. फंडाचे दोघं पाहुणे आले, गोरे, उंच. त्यांना सेफ्टी शूज कमी पडले म्हणून माझे दिले आणि मी चपलेवर कोपऱ्यात उभा राहिलो. सेफ्टीच्या साहेबांनी मला तिथून हाकललं. मी मशीनच्या मागून बघितलं. बालाजीनं त्यांच्यासमोर डाय बदलली. एकानं मोबाइलवर वेळ लावला होता. सतरा मिनिटं. त्यानं परत बघितलं, दुसऱ्याला दाखवलं. मग विचारलं, ह्यांना कोणी शिकवलं? मॅडमनी मशीनमागे बोट केलं. मला पुढं यावं लागलं. मालकांचा हुकूम मोडून म्हणालो, "मी शिकवलं. तरी शिकले."

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण पाहुण्यानं माझ्याशी हात मिळवला.

तीन महिन्यांनी सह्या झाल्या. अट राहिली. भाव उतरला. कंपनी पुढं कोणाकडेही गेली तरी कायम कामगारांची वर्षं तशीच मोजली जातील, असं लिहिलं गेलं. बाकी कसलंही वचन कोणी दिलं नाही. अकरातले दोघं तरीही नंतर तळेगावला गेले. त्यांना मी अडवलं नाही. त्यांचे राजीनामे परत दिले, ठेच्याचे डाग असलेले नेमके तेच दोन निघाले. बालाजी राहिला. निघोज्यात नवी प्रेस आली. जिथं ती बसली तिथं माझ्या बापाचं झाड होतं, का त्याच्या पलीकडे, हे मी मोजून बघितलं नाही.

ज्या दिवशी नोटीस बोर्डावर तो कागद लागला, त्या दिवशी मी तिथं जरा रुबाबात उभा होतो. लोक वाचत होते. मी वाचल्यासारखं करत होतो. सुमनताई पॅकिंगवरून आल्या. "अण्णा, आमचं काय लिव्हलंय त्यात? ठेकेदाराच्या लोकांचं?"

मला उत्तर माहीत होतं. मालकांनी अट सांगितली, मॅडमनी लिहिली, फंडानं मानली, आणि कोणाच्या मनात सुद्धा आलं नाही. माझ्याही नाही. म्हणालो, "काय न्हाई, ताई."

"मी तवाच इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या, "लेंड्या कोण काढणार. तुमी हसलात."

आणि पॅकिंगला निघून गेल्या. चिडल्या पण नाहीत. चिडल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

एवढ्या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. मोठ्या पैशाची गोष्ट सोपी करून सांगता येते. सातवी नापासालाही येते. पण सांगायच्या आधी समोर बसलेला प्रत्येक माणूस त्या गोष्टीत कुठं उभा आहे, ते एकदा मोजून घ्यावं. जो मोजायचा राहतो, नेमका तोच शेवटी प्रश्न विचारतो.

मॅडमचा मध्ये फोन आला होता. म्हणाल्या, "अण्णा, तुमची शेळी आता मी सगळीकडे सांगते. लोकांना फार आवडते."

मी विचारलं, "बाजाराचं बी सांगता का?"

"ते जरा शेवटी सांगते."

आमच्याकडे उलटं आहे, आधी बाजारच आठवतो. मी कॅन्टीनमध्ये शिरलो की सेटरांच्या टेबलावरून कोणीतरी शेळीसारखं ओरडतं. बहुतेक बालाजीच. मी वळून बघत नाही, ताट घेऊन सरळ बसतो. पाच वर्षं व्हायला अजून साडेतीन बाकी आहेत.